पाहुण्यांना काही मागावं लागू नये : नाताळच्या सुट्टीत मुक्कामी येणाऱ्यांसाठी घराची तयारी

लग्नानंतर मी नाशिकला आले, त्या पहिल्याच डिसेंबरात रत्नागिरीहून मामा-मामी चार दिवस राहायला आले. पहाटे पाचला जाग आली तर स्वयंपाकघरात दिवा दिसला. मामी गॅसपाशी स्टूल ओढून बसली होती. अंगावर शाल, शालीवर टॉवेल, पायात मामाचे मोजे. ‘झोपली नाहीस?’ विचारलं तर म्हणाली, ‘अगं, मला लवकर उठायची सवयच आहे.’ तिला रात्रभर थंडी वाजली होती. जादाची रजई घरात होती, पण ती आमच्या बॉक्स बेडच्या पोटात, आणि त्या बेडवर आम्ही दोघं झोपलेलो. मामी मागणार नव्हती आणि मला आधी काढून ठेवायचं सुचलं नव्हतं.

तेव्हापासून मी तयारीला लागते ती एकाच हिशेबानं : पाहुण्याला काही मागावं लागू नये. ‘संकोच करू नका, लागलं तर सांगा’ असं आपण मनापासून म्हणतो, पण आपल्याकडचं माणूस रात्री दोन वाजता यजमानाचं दार वाजवून पांघरूण मागत नाही. ते कुडकुडत पडून राहतं आणि सकाळी ‘छान झोप लागली’ म्हणतं. म्हणून त्याला काय लागेल ते आपणच ओळखायचं आणि त्याच्या नजरेसमोर ठेवायचं.

ज्यांच्या घरी यंदा पहिल्यांदाच चार-सहा माणसं मुक्कामाला येणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. डोळ्यांपुढे आमचंच घर आहे : दोन बेडरूमचा फ्लॅट, एक हॉल, दोन बाथरूम आणि नाशिकची थंडी. डिसेंबर-जानेवारीत इथला पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास असतो, थंडीची लाट आली की त्याहून खाली जातो, आणि निफाडकडे तर आणखी खाली. मुंबई-कोकणातल्या माणसाला अठरा-वीस अंश म्हणजेच थंडी. तो एक पातळ स्वेटर घेऊन येतो आणि आपल्याला वाटतं, आणलंय की त्यानं स्वेटर. पुणे, जळगाव, नागपूर, सगळीकडे हा फरक थोडाफार असाच आहे.

पंधरा दिवस आधी : एक सविस्तर फोन

कोण कोण येणार आणि किती दिवस राहणार, एवढ्यावर फोन संपवू नका. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला खाली बसता-उठता येत नाही, रात्री कोणाला दोन-तीनदा उठावं लागतं, घोरण्यामुळे कोणाला वेगळं झोपायला आवडतं, कोणाला दमा आहे, हे विचारा. हे प्रश्न थेट त्या माणसाला विचारले तर ‘माझं काय, मी कुठेही झोपेन’ असंच उत्तर येतं. म्हणून बाबांबद्दल मुलीला विचारायचं, आत्याबद्दल सुनेला विचारायचं. खरी माहिती तिथे मिळते.

खाण्याचंही याच फोनवर ठरवून टाका. डिसेंबरात मार्गशीर्षाचे गुरुवार येतात. काही घरांत फक्त गुरुवारी उपास असतो, काही घरांत महिनाभर मांस-मच्छी बंद असते. सोमवार, शनिवार, एकादशी, चातुर्मास नसतानाही कांदा-लसूण न खाणारी एखादी काकू, हे आधी कळलं तर बाजार नीट होतो. मटण आणून ठेवल्यावर ‘आमचा महिना आहे गं’ ऐकलं की दोघांनाही वाईट वाटतं.

गाडी कुठली, किती वाजता पोहोचते, हेही लिहून घ्या. नाशिकला पहिल्यांदा येणाऱ्याला नाशिकरोड स्टेशन म्हणजे नाशिकच वाटतं, पण तिथून शहरात यायला आठ-दहा किलोमीटर आहेत. रात्री उतरणाऱ्याला कोण घ्यायला येणार, की रिक्षानं यायचं, हे त्याला गाडीत बसण्यापूर्वीच माहीत असावं. परतीचं तिकीट काढलंय का तेही मोकळेपणानं विचारा. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता साठ दिवस आधी सुरू होतं आणि एक-दोन जानेवारीच्या गाड्या लवकर भरतात.

घरात कामाला येणाऱ्या मावशींनाही याच वेळी सांगा. सहा माणसांची भांडी अचानक समोर टाकणं बरोबर नाही. किती दिवस, किती माणसं ते सांगायचं, जास्तीचे पैसे आधीच ठरवायचे, आणि त्या दिवसांत त्यांचा चहा-नाश्ता पाहुण्यांबरोबरच धरायचा. त्यांना यायला जमत नसेल तर तेही वेळेत कळतं.

आठ दिवस आधी : गाद्या आणि पांघरुणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. जेवण थोडं कमी-जास्त झालं तर चालतं, पण रात्र वाईट गेली की पुढचा अख्खा दिवस जातो.

आधी टेप घेऊन हॉल मोजा. एकेरी गादी साधारण सहा फूट बाय तीन फूट असते. आमचा हॉल दहा बाय पंधरा आहे. टीपॉय गॅलरीत आणि सोफा भिंतीला सरकवला की चार गाद्या शेजारी शेजारी बारा फुटांत बसतात आणि तीन फुटांची वाट उरते. ही वाट सोडणं महत्त्वाचं. रात्री बाथरूमला जाणाऱ्याला कोणाच्या पायावरून ओलांडून जावं लागलं तर तो माणूस पाणी प्यायचंच कमी करतो, हे मी वडीलधाऱ्यांच्या बाबतीत पाहिलं आहे. ज्याला रात्री उठावं लागतं त्याची गादी वाटेच्या कडेला आणि बाथरूमच्या सर्वांत जवळ.

ज्यांना खाली झोपणं जमत नाही त्यांना पलंग द्यायचा आणि आपण खाली झोपायचं. यावर ‘नको नको’ होणारच. म्हणून ते येण्यापूर्वीच त्यांचं अंथरूण पलंगावर घालून, त्यांची पिशवी त्या खोलीत नेऊन ठेवायची. मग वाद होत नाही.

गाद्या कमी पडत असतील तर नवीन विकत घ्यायची घाई करू नका. शेजारी मागा, पुढच्या वेळी त्यांना लागतील तेव्हा द्या. नाहीतर मंडप-बिछायतवाल्यांकडे गाद्या, उशा, रजया भाड्यानं मिळतात. नाताळात त्यांच्याकडेही लग्नांची गर्दी असते, म्हणून आठवडाभर आधी सांगून ठेवायचं. भाड्याची गादी घरात घेण्यापूर्वी गच्चीवर शिवणी उलगडून बघा. काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकूण असू शकतात. ती गादी परत करा, तिथे भीड नको. चांगली असेल तरी वरून आपली धुतलेली चादर दोन्ही बाजूंनी खोचून घाला.

घरच्या कापसाच्या गाद्या वर्षभर पडून दमट झालेल्या असतात आणि दमट गादी कितीही पांघरलं तरी गार लागते. दोन दिवस सकाळी अकरा ते तीन उन्हात टाका, मधे एकदा उलटा, काठीनं झोडपा आणि ऊन उतरायच्या आत घरात घ्या. संध्याकाळपर्यंत राहिली तर पुन्हा ओल धरते. रजयांचं थोडं वेगळं आहे. ट्रंकेतून काढलेल्या रजईला डांबरगोळ्यांचा वास असतो. दम्याच्या माणसाला तो सोसत नाही आणि तान्ह्या बाळांना ती वाफ बाधू शकते. बाळ येणार असेल तर डांबरगोळ्यांत ठेवलेलं काहीच त्याच्याजवळ नको. बाकी रजयांना दोन-तीन दिवस वारा-ऊन दाखवा आणि खोळ बदला.

आता अंथरायचं कसं. थंडी म्हटलं की आपण वरून पांघरुणं वाढवतो, पण खाली झोपणाऱ्याला थंडी फरशीतून लागते. अंगाखाली गादीचा कापूस दबतो आणि टाइल्सचा गारवा वर येतो. म्हणून फरशीवर आधी चटई, तिच्यावर सतरंजी किंवा जुनी घोंगडी, मग गादी, मग चादर. मामीच्या त्या रात्रीनंतर मी गादीखाली घोंगडी घालायला लागले आणि नुसत्या तेवढ्यानं फरक पडला. वरून एकाच जाड रजईपेक्षा दोन पांघरुणं बरी, सोलापुरी चादर आणि वर गोधडी किंवा ब्लँकेट. दोन थरांमध्ये हवा अडकते, ती ऊब धरते, आणि उकडलं तर माणूस एक थर काढू शकतो. प्रत्येक गादीच्या पायथ्याशी एक जास्तीचं पांघरूण घडी करून ठेवायचं. हे तुमच्यासाठीच आहे, असं सांगायची गरज पडत नाही.

आमच्याकडे एक प्लास्टिकची टोपली आहे. तिच्यात चार कानटोप्या, सहा-सात मोजे, दोन शाली, दोन जुने पण स्वच्छ स्वेटर. ती हॉलमध्ये दिसेल अशी ठेवते. पहिल्या रात्री मुंबईची माणसं ‘एवढी काही थंडी नाही’ म्हणतात, आणि सकाळी टोपली रिकामी असते.

वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मोठ्यांच्या रजईत घेऊ नका. अंगात दोन कपडे जास्त घाला, त्याची जागा वेगळी आणि सपाट ठेवा, तोंडावर येईल असं सैल पांघरूण किंवा उशी जवळ नको.

ऊब हवी, पण जपून

कोळशाची शेगडी बंद खोलीत नेऊ नका, कितीही थंडी असली तरी. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला कळतच नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या वाचायला मिळतात. शेकोटी करायची तर अंगणात किंवा मोकळ्या जागेत.

रूम हीटर दोन हजार वॉटचा असेल तर तो जवळजवळ नऊ अँपियर वीज ओढतो. मोबाईल चार्जरच्या साध्या सहा अँपियरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर तो लावायचा नाही. मोठ्या सोळा अँपियरच्या सॉकेटवरच लावा आणि झोपताना बंद करा. वयस्कर माणसांसाठी मला गरम पाण्याची रबरी पिशवी जास्त आवडते. उकळतं पाणी नाही, हात लावून सोसेल त्याहून जरासं गरम पाणी, पिशवी दोन तृतीयांश भरायची, हवा दाबून काढायची, टॉवेलात गुंडाळायची आणि झोपण्याच्या दहा मिनिटं आधी अंथरुणात ठेवायची. मधुमेह असलेल्यांच्या पायांना चटका कळत नाही, त्यांच्या अंथरुणातून ते झोपायच्या वेळी पिशवी काढून घ्या.

अंघोळीचं पाणी

आठ माणसं आणि सकाळी लवकर कुठेतरी निघायचं आहे, अशा दिवशी गरम पाण्याचा हिशेब आदल्या रात्रीच करावा लागतो. पंधरा लिटरचा, दोन किलोवॉटचा गिझर गार पाणी साठ अंशांपर्यंत तापवायला वीस-पंचवीस मिनिटं घेतो. त्यात तेवढंच गार पाणी मिसळलं की अंघोळीजोगं तीस लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्या होतात. आठ माणसांना चार वेळा गिझर तापवावा लागेल, म्हणजे एका बाथरूमवर दीड तास. शॉवरनं हा हिशेब कोलमडतो, त्या दिवसांत बादलीच बरी. पहिल्यांदा वयस्कर माणसं, मग लहान मुलं, आणि घरातल्यांनी सगळ्यात शेवटी किंवा आदल्या रात्रीच अंघोळ उरकायची.

सोसायटीचं सोलर असेल तर शेजाऱ्यांना विचारून त्याची वेळ जाणून घ्या. आमच्याकडे सकाळी आठनंतर ते कोमट होतं. आणि नळातून आधी बराच वेळ गार पाणीच येतं. ते वेगळ्या बादलीत धरून ठेवा, कपडे-फरशीला कामी येतं. नाहीतर नवीन माणसाला वाटतं, इथे गरम पाणी येतच नाही, आणि तो निमूट गार पाण्यानं अंघोळ करून बाहेर येतो. माझ्या दिरांनी हे दोन दिवस केलं होतं. आता मी नळाच्या वर कागद चिकटवते : ‘गरम पाणी डावीकडे. दोन मिनिटं सोडावं लागतं.’

गॅस गिझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी असायला हवा. तो बाथरूमच्या आत असेल तर पाहुण्यांना ती बाथरूम अंघोळीला देऊ नका. थंडीमुळे माणसं खिडकी-झरोके घट्ट लावतात आणि तोच विषारी वायू तिथेही कोंडतो.

बाथरूममध्ये प्रत्येकाचा टॉवेल वेगळ्या रंगाचा ठेवा, कपडे अडकवायला जास्तीचे हूक लावा, पायाखाली न घसरणारी मॅट घाला. नवीन साबण, टूथपेस्ट, दोन-तीन सीलबंद ब्रश, सॅनिटरी पॅड आणि झाकणाचा कचऱ्याचा डबा असू द्या. पॅड दिसतील अशा कप्प्यात, कपाटाच्या कुलपात नको. खोबरेल तेल चोवीस अंशांखाली गोठतं, म्हणून बाटली गरम पाण्याच्या मगमध्ये उभी करून ठेवायची. कोकणातल्या माणसाला तेल गोठलेलं पाहायची सवय नसते, त्याला वाटतं तेल खराब झालंय.

स्वयंपाकघर

भरलेला जास्तीचा सिलिंडर आहे का हे आधी बघा. बाकी भाज्यांची चिंता नसते, हिवाळ्यात बाजार भरलेला असतो. मटार, गाजर, पावटा, ओला हरभरा, पातीचा कांदा, मेथी, वांगी. मटार आणि लसूण दोन दिवस आधी सोलून ठेवले की निम्मं काम संपतं. डिंकाचे किंवा मेथीचे लाडू आठवडाभर आधी करून डबा भरून ठेवा. सकाळी उठल्यावर एक लाडू आणि चहा मिळाला की माणसं नाश्त्याला नऊपर्यंत खुशीत थांबतात.

थंडीत दोन गोष्टी दगा देतात, दही आणि इडलीचं पीठ. दही लावायचं तर दूध नेहमीपेक्षा थोडं जास्त कोमट ठेवा, विरजण वाढवा, भांडं कॅसरोलमध्ये किंवा टॉवेलात गुंडाळून ठेवा आणि दहा-बारा तास धरा. इडलीचं पीठ दहा अंशांच्या रात्रीत फुगत नाही, म्हणून पहिल्या सकाळी इडली ठरवू नका. पोहे, थालीपीठ, उपमा यांना हवामानाची पर्वा नसते.

उशिरा पोहोचणाऱ्यांसाठी पहिल्या रात्री मुगाची खिचडी, कढी, भाजलेला पापड आणि लोणचं. प्रवासातून आलेल्याला तेवढंच हवं असतं. पंचपक्वान्नाचा हट्ट धरला तर तुम्ही स्वयंपाकघरात आणि पाहुणे हॉलमध्ये, गप्पा राहून जातात. साधारण सोळा डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत धनुर्मास, म्हणजे सकाळी लवकर गरम जेवायची पद्धत असलेला महिना असतो, त्याचा फायदा घ्या. एका सकाळी लवकर उठून मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि वांग्याचं भरीत करा. शहरात वाढलेल्या मुलांनी हे सकाळी आठला गरमागरम खाल्लेलं नसतं.

ओट्यावर एक ट्रे मांडून ठेवते मी : चहापूड, साखर, आलं, कप, गाळणं, बिस्किटं, लायटर. दूध फ्रीजमध्ये कुठल्या कप्प्यात आहे ते आदल्या रात्री दाखवते. मामी आता माझ्याआधी उठून स्वतःचा चहा करून घेते, आणि मला उठवत नाही याचं दोघींनाही बरं वाटतं.

ज्या दिवशी येणार

वॉचमनला नावं आणि गाडीचा नंबर सांगा. घराची एक जादाची किल्ली पाहुण्यांच्या हातात द्या, म्हणजे फिरायला गेले तर ते आपल्या वेळेला बांधले जात नाहीत. वायफायचा पासवर्ड, जवळचं रात्री उघडं असणारं मेडिकल, आपला फोन आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावा. कपाटाचा एक कप्पा रिकामा करा. रिकामा कप्पा नसेल तर माणसं चार दिवस बॅगेतूनच कपडे ओढत राहतात.

झोपायच्या आधी घरभर एक फेरी मारा. प्रत्येक गादीपाशी पाण्याचा झाकलेला तांब्या किंवा बाटली आहे का. चार्जिंगची जागा उशापाशी आहे का. पॅसेजमधला छोटा दिवा चालू आहे का. बाथरूमचं बटण अंधारात हाताला सापडतं का, हे स्वतः दिवा बंद करून बघा. डासांसाठी बंद खोलीत कॉइल जाळण्यापेक्षा मच्छरदाणी बरी. आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, चार माणसांच्या श्वासानं बंद हॉल पहाटेपर्यंत कोंदट होतो.

एक रात्र, शक्यतो पाहुणे यायच्या आधीची, तुम्ही स्वतः हॉलमधल्या त्या गादीवर झोपून बघा. मी पहिल्यांदा झोपले तेव्हा कळलं की फ्रीजचा आवाज तिथे किती येतो, बाल्कनीच्या दाराखालून वारा थेट डोक्याला लागतो आणि समोरच्या इमारतीचा दिवा डोळ्यांवर येतो. दाराच्या फटीत जुनी चादर गुंडाळून लावली, उशांची दिशा बदलली, पडद्याला आतून अस्तर शिवलं. हे कोणाही पाहुण्यानं मला सांगितलं नसतं.

निघताना आणि नंतर

निघायच्या आदल्या रात्री चार्जर, औषधांचा डबा, चष्मा आणि बाथरूममधले ओले कपडे यांची एकदा आठवण करून द्या. गाडीत खायला दशम्या, चटणी आणि लाडवांचा डबा. डबा परत करायची काळजी त्यांना नको, म्हणून मी वर्षभर रिकामे प्लास्टिकचे डबे जमवून ठेवते.

ते गेल्यावर चादरी-खोळी त्याच दिवशी धुवा, गाद्या पुन्हा एकदा उन्हात टाका आणि मग गुंडाळा. रजया मात्र आता बॉक्स बेडच्या पोटात जात नाहीत. आमच्याकडे त्या हॉलमधल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात असतात, आणि त्या कप्प्याला कुलूप नाही.